पाइपाला दिलेला कल

आकाशातल्या गोष्टी सोप्या करून लोकांना सांगायचं काम मी वीस वर्षं करतोय. ते मला चांगलं जमतं, हे सांगताना मला संकोच नाही. तरीही एका एप्रिलमध्ये बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मी लबाडी केली.

बेंगळुरूत वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये, सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाशी नाहीशी होते. घड्याळात तेव्हा सव्वाबारा वाजून गेलेले असतात. कारखान्याने मात्र बाराच्या भोंग्यानंतरची दहाच मिनिटं दिली. नाही म्हणायला हवं होतं. मी हो म्हणालो.

अंगणात फूटभर पाइप उभा केला. भोवती कामगार जमले. सावली दोन बोटं उरली होती. पाइप नीट करतोय असं दाखवून मी तो सूर्याकडे किंचित कलवला. सावली गेली. टाळ्या पडल्या.

सुटे भाग तपासणाऱ्या, बेळगावकडच्या एक अक्का जवळ येऊन हळूच मराठीत म्हणाल्या, "अण्णा, पाइप स्वल्प वाकडा हाय की ओ."

चारचौघांत माझी शोभा होऊ नये म्हणून त्या मराठीत बोलल्या होत्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं कन्नडमध्ये म्हणालो, "काय अक्का, इथेही ड्यूटी? मलाही रिजेक्ट करणार?" सगळे हसले. त्या खाली मान घालून निघून गेल्या.

मल्लेश्वरमला घरी परतताना बसमध्ये मला स्वतःची लाज वाटली. तिथे खरं निरीक्षण एकट्या त्यांनीच केलं होतं.

ऑगस्टमध्ये मी अर्धा तास मागून घेतला आणि सर्वांसमोर कन्नडमध्येच सांगितलं, "मागच्या वेळी मी पाइप वाकडा केला होता. अक्कांचं बरोबर होतं."

"मग आमच्या टाळ्या परत द्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

अक्कांनी पिशवीतून गवंडीकाम करणाऱ्या भावाचा ओळंबा काढला. "आज पाइप मी लावणार." दोरी धरून त्यांनी पाइप सर्व बाजूंनी पाहिला, तळाशी पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. सावली आक्रसत अर्ध्या बोटावर आली. तेवढ्यात ढग आला आणि ती दिसेनाशी झाली. टाळ्या सुरू झाल्या.

मी हात वर केला. "थांबा. ही ढगाने नेली. अजून पाच मिनिटं आहेत."

ढग हटला नाही. साडेबाराचा भोंगा झाला, लोक जेवायला गेले. अक्का ओळंब्याची दोरी गुंडाळत म्हणाल्या, "सरी, चालतंय की. एप्रिलात या. ओळंबा मी आणते, अर्धा तास तुम्ही आणा."