तीन कडव्यांची कॅसेट

मी आमच्या घरातली पहिली बी.ए. हे मी कुठंही सांगते आणि सांगताना आवाज बारीक करत नाही. पण त्या बी.ए.चा कॅसेटच्या दुकानात काही उपयोग झाला नाही, तेही सांगून टाकते.

विद्यापीठाचं नामांतर व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. मी परभणीत एका शाळेवर शिकवत होते, नवरा कचेरीत कारकून. त्यांनी एकदा स्टेशन रोडवरून जुन्या सिनेमांच्या गाण्यांची कॅसेट आणली. टेपमध्ये घातली, तर पेटी वाजतेय, तबला वाजतोय आणि गाणाऱ्याचा पत्ता नाही. पुढं ढकलून बघितली, उलटी करून बघितली. तेच.

"फसवलं तुम्हाला," मी म्हणाले आणि पर्स घेऊन दुकानात गेले. चार गिऱ्हाइकांसमोर ठणकावून सांगितलं, "यात गाणारा भरायचा राहिलाय."

दुकानदार चाचा शांतपणे म्हणाले, "बाई, गाणारा न्हाईच त्यात. तीच तर खासियत हाय. बाजा त्यांचा, आवाज तुमचा."

गिऱ्हाइकं हसली. मीही हसले, पण रस्त्यावर आल्यावर.

मग दर रविवारी दुपारी आमच्या खोलीत गाणं सुरू झालं. आमच्या शाळेचे गणिताचे सर यायचे. ते बॅटरी तोंडापुढं धरून माइक करायचे आणि बाजा सुरू व्हायच्या आधीच गायला लागायचे. नवऱ्याचा सूर बरा, पण शब्द पाठ नसायचे. मी दोघांना सांभाळून घ्यायची. घरमालकीणबाई शेजारच्या दारातून ऐकायच्या. बाई मायाळू, भाजी केली की वाटीभर द्यायच्याच. फक्त नामांतराचा विषय निघाला की त्यांना आत काहीतरी काम आठवायचं.

अशात दादा, म्हणजे माझे वडील, डोळे दाखवायला गावाकडून आले.

दादांचं सांगायला पाहिजे. शेतमजुरी करून ते गायन पार्टी चालवायचे. जयंतीला पंचक्रोशीत बोलावणं असायचं. सिनेमाची चाल घ्यायची आणि तिच्यात आपले शब्द बसवायचे, अशी आमच्याकडची रीत. सिनेमा दादांनी क्वचितच बघितला असेल. चाल चुलत्याच्या कानात बसायची, चुलता ती पेटीवर काढायचा आणि दादा शब्द जोडायचे. लहानपणी मी मागं बसून कोरसला असायची. कित्येक गाण्यांचे मूळ शब्द मी कॉलेजात गेल्यावर ऐकले आणि मला वाटलं, यांनी आमचं गाणं चोरलं.

नामांतराच्या पहिल्या दंगलीत गावातली आमची घरं जाळली गेली. आमच्या घरात पेटी होती. पुढं घर उभं राहिलं. चुलता पोट भरायला पुण्याला गेला. नोकरी लागल्यावर मी म्हटलं, "दादा, नवी पेटी घेऊ." ते म्हणाले, "घेशील. वाजवणार कोण?" त्यांनी गाणं सोडलं. जयंतीलाही ते मागं उभे राहून ऐकायचे. कुणी आग्रह केला तर, "पेटीबिगर काय गायाचं?" एवढंच. त्यांच्या तोंडून एक गाणं परत ऐकावं, ही माझी त्या वर्षांतली सगळ्यात मोठी इच्छा होती. पगारात ती बसत नव्हती आणि पदवीतही.

त्या रविवारी सर आले, तेव्हा दादा डोळ्यात औषध घालून खाटेवर पडले होते. सरांनी आपलं आवडतं गाणं लावलं, नेहमीप्रमाणे आधी सुटले आणि मधेच अडकले. बाजा पुढं गेला.

दादा डोळे मिटूनच म्हणाले, "मास्तर, पेटीवाल्याला जरा पुढं जाऊ द्या की. तुमी त्याच्या आंगावर पडायलाव."

"आजोबा, तुम्हाला येतं का हे?"

"आमचंच हाय ते."

सर हसले. मी हसले नाही. मी दाराकडं बघितलं. मालकीणबाई मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. दादांचे शब्द त्यांना ऐकू जाणार होते. मग मनाशी म्हणाले, जाऊ देत. आणि कॅसेट मागं नेली.

"दादा, म्हणता का?"

त्यांनी गालावर ओघळलेलं औषध पुसलं. मग उठून बसले.

"टेप हिकडं ठिव. डाव्या हाताला."

डाव्या हाताला चुलता बसायचा. मी टेप उचलून तिथं ठेवला. सरांनी बॅटरी पुढं केली, दादांनी ती बाजूला सारली आणि हात कानावर ठेवला.

"पाटी घे गं पोरी, पाटी घे..."

आवाज खरखरला. दुसऱ्या ओळीला साफ झाला. मला आपसूक कोरस आठवला, मी मागून उचलला. नवऱ्यानं टाळी धरली. कडवं संपलं की दादा टेपकडं मान हलवायचे, चुलत्याला 'हं, वाजव' म्हणायचे तशी, आणि बाजा खरंच वाजायचा. सरांना धृपद पाठ झालं होतं, तेही यात आले, एकदाही आधी न सुटता.

तिसरं कडवं झालं. कॅसेटच्या त्या बाजूचं ते शेवटचं गाणं, त्यामुळं बाजा संपला आणि टेपमध्ये नुसती खरखर उरली.

सिनेमाचं गाणं तीन कडव्यांचं आणि दादांचं चार. आता थांबतील. म्हणतील, पेटीबिगर काय गायाचं.

दादांनी टेपकडं मान हलवली. काही वाजलं नाही. त्यांनी एक डोळा उघडून बघितलं, मांडीवर हात मारला आणि चौथं धरलं.

"भिंत पडली, भिंत बांधू,
पाटी फुटली, पाटी आणू..."

हे मी कधी ऐकलेलं नव्हतं. जुनं चौथं वेगळं होतं. आणि पुढं पाचवंही निघालं. पाचव्यात पोरगी खुर्चीवर बसली होती आणि वर्गातली पोरं उभी राहून तिला नमस्ते म्हणत होती. म्हणजे एवढी वर्षं माणूस गात नव्हता, पण गाणं करत होता. मला कोरस धरता येईना. सरांनी तो धरला आणि दोन्ही हातांनी बिस्किटाच्या डब्यावर ठेका दिला.

गाणं संपलं. मालकीणबाई दारातच होत्या. तांदूळ तसाच होता.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "मधी माझ्या कुकरनं शिट्ट्या मारल्या हो. चौथं नीट ऐकू आलं न्हाई. परत म्हणता का?"

सर लगबगीनं टेपकडं वळले. "थांबा, कॅसेट मागं नेतो."

"राहू द्या मास्तर," दादा म्हणाले. "त्या पेटीवाल्याचा तिसऱ्या कडव्यातच दम निघतोय. तुमी डबा वाजवा."