भरताची वेबसाइट

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी एकाच आठवड्यात दोन गोष्टी आल्या: दोन पोती वांगी आणि एक वेबसाइट. त्यातली वांगी नाशवंत होती.

वांगी माझ्या बायकोने, सुनंदाने, जळगावकडून मागवली होती. हिरवी, मोठाली, खास भरताची. सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत बायका घरबसल्या साड्यांचे धागे कापतात. सुनंदानेही बारा वर्षं कापले. आता तिला भरीत-पुरीच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या. पोती खपली तर धंदा सुरू, सडली तर पुन्हा कात्री.

वेबसाइट माझी. मी निवृत्त उपसंपादक. दुसऱ्यांच्या बातम्यांतले शब्द दुरुस्त करण्यात माझी सगळी नोकरी गेली.

"सोपं असतं," मी म्हणालो. "लोक काय शोधतात ते बघायचं आणि नेमका तोच शब्द पानावर लिहायचा."

"लोके भरीत शोधतस का?"

"बघतो."

बघितलं. 'भरीत' सुरतेत कोणीच शोधत नव्हतं. पण भरीतला प्रत्यय लागला की 'भरताचं' होतं, म्हणून मी गुजराती अक्षरांत नुसतं 'भरत' टाकून पाहिलं. आणि काय झुंबड! 'हाथनुं भरत', 'अर्जन्ट भरत', 'लग्न माटे भरत'! (लग्नाला भरीत! सुरती माणूस खवय्या असतो हे ऐकून होतो; इतका असेल असं वाटलं नव्हतं.)

रात्रीतून नव्हे, भर दुपारी मी पान तयार केलं: 'खान्देशी भरत. संपूर्ण हाताने. मशीनचा वापर नाही. लग्नाची ऑर्डर एका दिवसात.' सगळं गुजरातीत. 'भरत' हा शब्द एकतीस वेळा, खाली माझा नंबर. फोटो नंतर टाकू म्हटलं.

भरतकामाला गुजरातीत नुसतं 'भरत' म्हणतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण सुरतेच्या बाजारात त्याला सगळे 'वर्क' म्हणतात, आणि घरात दोन पोती वांगी असली की माणसाला भरत म्हणजे भरीतच दिसतं.

फोन सुरू झाले. तीन दिवस थांबले नाहीत.

"भाई, भरत हाथ से करते हो?"

"हाथ से! लकड़ी से ठोक-ठोक के!"

"धागा कौन सा?"

"धागा बिलकुल नहीं. एकदम कोवळा माल है."

"बिना धागे का भरत?"

"हमारी खानदानी पद्धत है!"

बहुतेक जण इथे फोन ठेवत. सुनंदा रोज सकाळी पोत्यात हात घालून वांगी दाबून बघायची आणि माझ्याकडे बघायची. "फोन तं वाजी राह्यना, पण वांगा तठेच शेतस! आते सडी जातीन!"

चौथ्या दिवशी जयंतीभाई नावाच्या साडीव्यापाऱ्याचा फोन आला. त्यांनी धाग्याची चौकशी पुरी केली आणि पुढचा प्रश्न विचारला, "ऊपर क्या लगाते हो? मोती?"

"शेंगदाणा."

"शेंगदाणा वर्क!" आवाज थरारला. "मार्केट में किसी के पास नहीं है! घर पर ही रहना, मैं आता हूँ."

ते आले तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी दुसऱ्या गिऱ्हाइकाला 'आमचा रंग हिरवाच असतो' हे फोनवर पटवत होतो. दारात सुनंदा तुरीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. जयंतीभाईंनी तिच्या हातात एक खोका दिला. "भाभी, ये साड़ी आपके पास रखो. आपको जैसा ठीक लगे, वैसा करो. बाकी माल टेम्पो में है, लेके आता हूँ."

मी परतलो तर सुनंदाचा चेहरा उजळलेला. "भरीत लेवाले उना आणि माले साडी लई उना! असं गिऱ्हाईक कधी देखं का?"

आमच्याकडे आहेराची साडी देणाऱ्यासमोर लगेच नेसून दाखवतात, नाहीतर त्याचा अपमान होतो. सुनंदाने अपमान केला नाही. नेसली, आणि तशीच पुन्हा जाळापुढे बसली, कारण वांगी करपत होती.

जयंतीभाई खांद्यावर साड्यांचा गठ्ठा घेऊन दारात आले. त्यांचं भरतकामासाठी दिलेलं सॅम्पल सुनंदाच्या अंगावर बसून तुराट्या पुढे सारत होतं. पदरावर तळहाताएवढा तेलाचा डाग होता.

"भाभी! ये क्या किया?"

"भरीत!" सुनंदाने अभिमानाने पातेलं पुढे केलं.

जयंतीभाईंनी आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "अरे, आ तो ओळो छे!"

वांग्याच्या भरताला सगळी सुरत 'ओळो' म्हणते. एकतीस वेळा 'भरत' लिहिलेल्या माझ्या पानावर तो एकदाही नव्हता.

"तुम्हारे शेंगदाणे के चक्कर में मैं पूरा टेम्पो भर के लाया!" जयंतीभाई ओरडले. त्यांना बरंच बोलायचं होतं. सुनंदाने ताट समोर ठेवलं. "पयले जेवा. मंग भांडा."

ते जेवले. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा घेताना त्यांनी गोडादऱ्यातल्या आपल्या कारखान्यात फोन लावला. "कारीगरों को बोल, टिफिन कोई नहीं खोलेगा!" कारागीर निम्म्याहून जास्त आमच्याच खान्देशचे. त्या दिवशी एक पोतं संपलं, दुसऱ्या दिवशीचं दुसरं तिथेच ठरलं, आणि पुढे दर गुरुवारी ओळो पाठवायचा असाही हुकूम झाला. सुनंदाने कात्री शेजारणीला देऊन टाकली.

"लेकिन साड़ी कल पार्टी को दिखानी है," जाताना जयंतीभाई मला म्हणाले. "दाग का कुछ करो."

डाग धुऊन निघेना. त्यावर भरतकामाचं एखादं फूल काढून घेणं एवढाच उपाय उरला, आणि तेही संध्याकाळच्या आत.

"हाई काम तुमनं," सुनंदा म्हणाली.

मी घाईघाईने मोबाइलवर 'अर्जन्ट भरत' शोधलं. पहिल्याच नावाने जीव भांड्यात पडला: संपूर्ण हाताने, मशीन नाही, एका दिवसात! माणूस अनुभवी वाटला. मी लगेच, नंबरही न बघता, फोनचं बटण दाबलं.

"लागना का?" सुनंदाने विचारलं.

"नाही, बिझी आहे," मी म्हणालो. "धंदा जोरात दिसतो त्याचा."