हासळ्या वर आल्या

लग्न ठरलं तेव्हा मी सुप्याच्या एका कंपनीत नोकरी करत होते आणि अंगानं चांगली भरलेली होते. लग्नाआधीच्या फोटोंसाठी केडगावचा फोटोग्राफर ठरवला. त्यानं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "मॅडम, गाऊनमध्ये कॉलरबोन दिसायला पाहिजे. अजून वेळ आहे."

त्या दिवसापासून मी भाकरी सोडली आणि काकडीवर आले.

वडिलांनी विचारलं, "हे कॉलरबोन म्हंजी काय असतंय?"

"हासळी," आई म्हणाली. "गळ्याखालचं आडवं हाड. पूर्वी बाया गळ्यात चांदीची हासळी घालायच्या, ती तिथंच टेकायची. म्हनून हाडाचं नावबी तेच पडलं."

नर्सिंग शिकणाऱ्या चुलतबहिणीनं भर घातली. डॉक्टर त्याला क्लॅव्हिकल म्हणतात, म्हणजे लॅटिनमध्ये लहानशी किल्ली; हात वर केला की ते हाड किल्लीसारखं फिरतं.

"मग त्या किल्लीनं हिचं तोंड उघडा," वडील म्हणाले. "चार घास तरी जातील."

हळूहळू हाडं वर आली. मी आरशासमोर खांदे पुढं ओढून उभी राहायची आणि दोन्हीकडच्या खड्ड्यांत किती पाणी मावेल, याचा अंदाज घ्यायची.

मग बस्त्याचं बोलायला होणाऱ्या सासूबाई आल्या. चहा घेताना त्यांची नजर माझ्या गळ्यावर गेली ती तिथंच थांबली. स्वयंपाकघरात त्यांनी आईला हळूच विचारलं, "विहीनबाई, पोरीला काय दुखनं तर न्हाई ना? हासळ्या लई वर आल्यात."

"न्हाई हो. ते फोटोसाठी हाय."

"हाडांचा फोटो व्हय? मग एक्स-रेच काढा की. तेवढीच खात्री हुईल."

त्या चेष्टा करत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी नगरला जाऊन छातीचा एक्स-रे काढला. फुफ्फुसं स्वच्छ निघाली. हासळ्या तर फारच सुरेख आल्या होत्या.

फोटोंच्या दिवशी सकाळी डोंगरावर बोचरं वारं सुटलं होतं. गाऊनमध्ये कुडकुडत हसताना माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. नवरदेवानं मला धरून दगडावर बसवलं, स्वतःचं जॅकेट माझ्या अंगात घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

"अहो, फ्रेम गेली," फोटोग्राफर म्हणाला.

"जाऊ द्या. इथं जवळ मिसळ कुठं मिळते?"

हा माणूस मला आवडतो का, हे तोवर मला कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. हॉटेलात दुसऱ्यांदा रस्सा मागवताना ते मी स्वतःला विचारलं. उत्तर यायला फार वेळ लागला नाही.