हवेचा आठवडा

बातमी आली तेव्हा मी मुलांचे डबे उघडून देत होते. नागपूरहून कुंदाच्या भाच्याचा फोन होता. "मावशी गेली," एवढंच तो म्हणाला. समोर एक मुलगा झाकण निघत नाही म्हणून रडकुंडीला आला होता. मी ते उघडून दिलं आणि शेजारच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. तिथं आता नवी मुलगी शिकवते. "कुछ चाहिए, मैडम?" तिनं विचारलं. काही नको होतं...

त्याला आता दीडेक महिना झाला. बालाघाटात भरवेली रोडवरच्या आमच्या लहानशा हिंदी शाळेत कुंदानं आणि मी कितीतरी वर्षं बालवाडीचे शेजारशेजारचे वर्ग सांभाळले. ती किरनापूरची, मी बालाघाटातलीच. तिचा नवरा लवकर गेला, माझं लग्न झालंच नाही. तिचा आवाज मोठा. भिंतीपलीकडे ती गाणं म्हणायची आणि माझ्या वर्गातली मुलंही तेच म्हणायला लागायची. मी चिडले की हसायची. "मंग तू बी जोरानं म्हन ना वं, कोनं अडवलं तुले?"

त्याच घशाला रोग झाला. ऑपरेशन करून परतली तेव्हा आवाज कायमचा गेला होता. गळ्याशी एक छिद्र, त्यावर पातळ रुमाल, श्वास तिथूनच. काही महिने घरी काढले आणि एक दिवस सरळ शाळेत हजर झाली. बड्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, अवघडल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एक हप्ता पाहू, विमलताई. पोरं भ्याली, आई-बाप आले, त मी काय सांगू त्याइले?"

नेमका तिच्या वर्गाचा त्या आठवड्याचा विषय होता हवा. फुगे फुगवायचे, साबणाचे बुडबुडे काढायचे, कापूस फुंकरीनं उडवायचा... आणि तोंडानं फुंकणं तर तिला आता जमणारच नव्हतं. मी म्हटलं, "कुंदा, माह्या वर्गात झाडाची पानं शिकवायची हायेत. ते तू घे, हवा मी घेते." तिनं पाटीवर एकच शब्द लिहिला, "काहून?" का, ते मी सांगेपर्यंत ती हवेच्या तयारीला लागलीसुद्धा.

सोमवारी तिनं कागदाच्या फिरक्या केल्या आणि पोरांना घेऊन मैदानात धावत सुटली, रुमाल एका हातानं गळ्याशी धरून. माझा कान दिवसभर भिंतीकडे. बराच वेळ काही ऐकू यायचं नाही, मग एकदम हशा. बुडबुड्यांसाठी तिनं तारेची कडी पाण्यात बुडवून हवेत नुसती फिरवली. पोरं फुंकायचं विसरून हातच फिरवायला लागली, वर्गभर फेस. फुग्यांना कुठूनसा सायकलचा पंप आणला. मधे एक आई दारातून डोकावली आणि तशीच निघून गेली. ती बड्या मॅडमकडे तर वळत नाही ना, हे मी खिडकीतून पाहत राहिले.

शुक्रवारी मुलं नाकाशी कागदाची पट्टी धरून आपला श्वास पाहत होती. मी आणि बड्या मॅडम दारात. एक चिमुरडी कुंदाजवळ जाऊन म्हणाली, "मैडम, आपकी पट्टी तो हिल ही नहीं रही." कुंदा थांबली. आमच्याकडे तिनं पाहिलंच नाही. हळूच रुमाल सोडला आणि पट्टी गळ्याशी नेली. पट्टी फडफडली. आता कुणीतरी रडणार आणि सगळं संपणार, असं मला वाटलं. ती चिमुरडी आणखी पुढं सरकली. "दुखता है?" कुंदानं नाही म्हणून मान हलवली. तरी त्या पोरीनं गाल फुगवले आणि तिच्या गळ्यावर हळूच फुंकर घातली, खरचटलेल्या ढोपरावर आई घालते तशी. मग दुसरं मूल उठलं. मग सगळीच. त्या घोळक्यात बसून कुंदा हसत होती, आवाज नसलेलं हसू, आणि डोळ्यांतून धारा. बड्या मॅडम चष्मा पुसत निघून गेल्या. तिला शाळेत ठेवायचं की नाही, हा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

दोनेक वर्षं तिनं तसंच शिकवलं. मग दुखणं उलटलं आणि भाचा तिला नागपूरला घेऊन गेला. रोज संध्याकाळी मी तिच्या मोबाइलवर फोन लावायची. बोलायची मीच, शाळेतलं, बाजारातलं, कोण कुणाला चावलं. ती पलीकडून नखानं फोनवर वाजवायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, हसू आलं की भराभर. कधी नुसता श्वास. घरी आल्यावर माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नाही, मला तेवढंही पुरायचं.

परवा कुकर लावला, देवापाशी दिवा लावला आणि सवयीनं हात तिच्या नंबरावर गेला. फोन उचललाही गेला. "कुंदा, आज एका पोट्ट्यानं अख्खा खडू खाल्ला..." मी बोलून गेले. पलीकडून आवाज आला. माणसाचा, स्पष्ट. "मावशी, मी बोलून राह्यलो." भाचा होता. ती नागपूरला गेल्यापासून त्या नंबरावरून कुणी बोललं नव्हतं.

"मावशी? ऐकून राह्यली ना?"

मी नखानं फोनवर एकदा वाजवलं.