फुगडीला वजन लागतं

झटपट बारीक करून देणाऱ्यांचा मला भयंकर राग आहे. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न कारापूरला ठरलं. होणारी सासू आमच्या दारापुढच्या बाल्कांवात बसून, आईने केलेल्या नेवऱ्या खात म्हणाली, "लग्नापर्यंत जरा सुकली तर बरी दिसेल." आमच्या धारगळात सुकतो तो दुखणाईत माणूस, नाहीतर केसातला अबोलीचा वळेसर. त्या बाईच्या जिभेला हाड नाही, पण आमची का दातखीळ बसली? आम्ही तिला आणखी नेवऱ्या वाढत होतो.

बहिणीने म्हापशातल्या कुठल्याशा बाईकडून पावडर आणली. सकाळी पावडर, रात्री पावडर, मध्ये काकडी. दहाची पेज बंद, भात बंद. पाव विकायला आलेल्या पोदेराचा भोंगा वाजला की पावाच्या वासानेही जीव जाईल म्हणून ही खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. वजन उतरलं, खोटं कशाला बोलू. केसही उतरले, न्हाणीच्या जाळीत गुंतवळच गुंतवळ. पाळी चुकली. काही बोलायला गेलं की अंगावर यायची. आई म्हणायची, "लग्न होईपर्यंत कळ काढ गो." त्यावरून मी आईशीही भांडले.

चतुर्थीला गणपतीपुढे आम्ही दोघी फुगडीला उभ्या राहिलो. लहानपणापासूनची जोडी, दोघी सारख्याच जाड, म्हणून वाड्यावर आमच्यासारखी फुगडी कुणाची नव्हती. फुगडीत दोघींनी मागे रेलायचं असतं; एकीचा तोल दुसरीच्या वजनावर. मी सवयीने रेलले. पलीकडे वजनच नव्हतं. तिच्या बांगड्या माझ्या हातात आल्या आणि ती माटोळीखाली कोसळली. वर केळी, नारळ, तवशी टांगलेली आणि खाली ही उपाशी.

पाणी मारल्यावर तिने डोळे उघडले. दर्शनाला आलेली सासू वाकून म्हणाली, "अगो, किती सुकली ही. दुखणं-बिखणं नाही ना? असेल तर आताच सांगा, मागून नको."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बहिणीने माझा हात दाबला आणि ती उठून बसली.

"आई, मला पातोळ्या वाढ," ती म्हणाली. "आणि ह्यांना विचार, जाड सून नको असेल तर आताच सांगा. मागून नको."