मैनाची जन्मतारीख

शनिवार, ३० मे २०१५. उकाडा फार. नळाला अर्धा तासच पाणी. बायडाबाई पेढे घेऊन आली, सोबत मैना. मैनाला बारावीला एकाहत्तर टक्के. पेढे त्याचे नव्हते.

एवढं लिहून रझियाबाईंनी पेन खाली ठेवलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकत असताना सिस्टरने लावलेली सवय होती ती: रोज चार ओळी, पण खऱ्या. लग्न झालं, नवरा दादामियाँ गेले, अंगणवाड्यांवर देखरेख करण्याच्या नोकरीतून त्या निवृत्त झाल्या, तरी वही सुटली नव्हती. येरवड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत एक कपाट नुसत्या वह्यांचं होतं.

पेढे मैनाच्या लग्नाचे होते. बारा जूनला लग्न, मुलगा लोणी काळभोरचा.

"जमीन हाय, घर हाय," मैनाची आई बायडाबाई म्हणाली होती. "परवा एक जूनला पोरीला अठरा पुरी. शाळेचा दाखला हाय ना. समदं कायद्यात."

मैना दाराशी उभी होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. चपला घालता घालता ती हळूच म्हणाली, "बाई, मी कधी झाले ते तुमच्या वहीत आहे म्हणायचात ना?"

रझियाबाईंनी मान हलवली होती. वही उघडायची त्यांना गरज नव्हती, तरी दोघी गेल्यावर त्यांनी उघडली. 'गुरुवार, १० सप्टेंबर १९९८. बायडाबाईला पालिकेच्या प्रसूतिगृहात पहाटे मुलगी. वजन दोन किलो शंभर.' म्हणजे पोर अजून सतरा वर्षांचीही नव्हती.

मग २००३ची वही. त्या वर्षी वस्तीतली अंगणवाडी रस्ता रुंद करताना पाडली गेली. नवी होती ती मोठ्या रस्त्यापलीकडे, आणि बायडाबाई वारज्याला इमारतींच्या कामावर. ती पोरीला खोलीत कोंडून, बाहेरून कुलूप लावून जायची. शाळा मात्र गल्लीच्या तोंडाशीच होती आणि तिथे दुपारची खिचडी नुकतीच सुरू झाली होती. रझियाबाईंनी कुलूप उघडायला लावलं आणि पोरीला धरून हेडमास्तरांपुढे उभं केलं.

"सहा पूर्ण हवीत," ते म्हणाले.

"सहाच आहेत. खायला नाही, म्हणून लहान दिसते."

जन्मदाखला? रझियाबाईंनी नाही म्हणून सांगितलं. अशा मुलांची तारीख तेव्हा सर्रास एक जून लिहीत. हेडमास्तरांनी लिहिली: १ जून १९९७. त्या रात्री वहीत ओळ होती: 'मैनाला शाळेत घातलं. वय वाढवून सांगितलं. खोटं.'

ते खोटं आता बारा वर्षांचं झालं होतं, आणि त्याच्या जोरावर पोरीचं लग्न लागणार होतं.

सोमवारी त्या दोन्ही वह्या पिशवीत घालून कचेरीत गेल्या. बालविवाह थांबवण्याचं काम पाहणारे दिगंबर साळवेकर एकेकाळी त्यांच्याच हाताखाली कारकून होते. त्यांनी दोन्ही पानं वाचली, चष्मा काढला.

"बाई, सव्वीस वर्षं तुम्ही आमच्या रजिस्टरातल्या चुका लाल शाईने काढल्यात."

"म्हणून तर आलेय. आज तुमची पाळी."

"वही म्हणजे पुरावा नव्हे. पण तारीख मिळाली, पालिकेची नोंद शोधता येईल. आणि वय वाढवून सांगितलं, हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल. सहीनिशी. लोक बोलतील."

"कागद द्या."

नोंद सापडायला आठवडा गेला. 'मुलगी' एवढंच, नावाचा रकाना कोरा. आईचं नाव बायडाबाई, तारीख दहा सप्टेंबर. साळवेकरांनी बायडाबाईला बोलावून घेतलं, अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही असं लिहून घेतलं. लोणीकरांनी थांबायला नकार दिला. स्थळ मोडलं.

संध्याकाळी बायडाबाई रझियाबाईंच्या दारात. आत येईना.

"तवा खोटं बोललात, ते पोरीच्या भल्यासाठी. आन् आता खरं बोलताय, तेबी भल्यासाठीच. माझंच तेवढं समदं वाईट, व्हय बाई?"

रझियाबाईंनी पाट पुढे सरकवला. बायडाबाई उभीच.

"मला काय हौस हाय व्हय? दिसभर मी कामावर. शेजारची पोरं दारात टवाळक्या करत बसत्यात. तवा बारकी हुती, कुलूप लावून जात हुते. आता एवढ्या पोरीला कसं कोंडू?"

याचं उत्तर साळवेकरांच्या कागदांत नव्हतं. रझियाबाईंना वाटलं, बारा वर्षांपूर्वी आपण कुलूप उघडायला लावलं आणि घरी येऊन वहीत लिहून मोकळ्या झालो. आपण एक दिवस बोललो. ही बाई रोज सकाळी त्याच दाराशी उभी होती.

"उद्यापासून माझ्याकडे बसू दे तिला," त्या म्हणाल्या. "तू निघालीस की यायचं, तू परतलीस की जायचं. नर्सिंगचा फॉर्म आम्ही दोघी भरू. पुढची खोली रिकामीच असते."

"आन् तुमी दवाखान्यात, बाजारात गेलात तर?"

"तर ती आतून कडी लावेल. बाहेरून कुणी लावायची नाही."

बायडाबाई उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "चहा टाका. साखर कमी. ते पेढे राहिलेत का?"

"दोन आहेत, फ्रिजमध्ये."

"मग मैनालाबी हाक मारते."

रात्री रझियाबाईंनी वही उघडली. सोमवार, ८ जून २०१५ अशी तारीख घातली. नोंद सापडल्याचं लिहिलं, स्थळ मोडल्याचं लिहिलं, आपली सही झाल्याचं लिहिलं. शेवटी लिहिलं: मैनासाठी आपल्या दाराची दुसरी किल्ली करून आणली. जरा घट्ट फिरते, खोबरेल लावलं.