दुपट्ट्याखालचा करार

लेखी करार ही माणसाच्या सुसंस्कृतपणाची सर्वांत मोठी खूण आहे. शब्द विरतो, साक्षीदार मरतात, कागद राहतो. ही वाक्यं माझीच आहेत. एका हॉकी संघाच्या जनरल मॅनेजरच्या करारनाम्याला प्रस्तावना म्हणून मी ती लिहिली होती. करारनाम्याला प्रस्तावना नसते, हे मला कुणी सांगितलं नाही. कारण ज्या दोघांसाठी तो लिहिला, त्यांच्यापैकी एकानंही तो पुरता वाचला नाही.

जनरल मॅनेजर म्हणजे अमरावतीतले माझे शेजारी. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, म्हणून मला कुणी काही म्हणत नाही. सर रोज संध्याकाळी मुरमाच्या मैदानावर हॉकी शिकवतात. त्यांची माणसं दिवसभर आपापल्या कामाला असतात आणि पाचनंतर उगवतात. दोन ऑटोवाले, एक वायरमन, वलगावचे दोन सख्खे भाऊ, जे पहाटे भाजीची गाडी मंडईत रिकामी करून झोप काढून येतात. गोलकीपर पोस्टमन आहे. तो क्रिकेटचे जुने पॅड बांधून उभा राहायचा आणि डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट घालायचं की नाही, हे समोरचा संघ पाहून ठरवायचा.

मग टीव्हीवर खेळाडूंचे लिलाव पाहून अकोला आणि अमरावतीच्या सहा व्यापाऱ्यांना आपणही संघाचे मालक व्हावं असं वाटलं. सरांचा संघ अकोल्याच्या एका दालमिलवाल्यांच्या वाट्याला आला. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांच्याहून मोठे असलेलेही. भाऊंनी सरांना जनरल मॅनेजर हा हुद्दा दिला. त्यांच्या मिलमध्ये आधीपासून एक जनरल मॅनेजर होता. तो पोती शिवून घ्यायचा.

पहिल्या वर्षी भाऊंनी खर्चात हात आखडला नाही. चौकाचौकात फ्लेक्स लागले, त्यांवर भाऊ बारा फूट आणि खेळाडू बोटभर. उद्घाटनाला ढोलताशा, प्रत्येक खेळाडूला भगवा फेटा, वरून घिरट्या घालणारा ड्रोन. जर्सीच्या पाठीवर डाळीचा ब्रँड एवढा मोठा की खेळाडूचा नंबर कॉलरीजवळ शोधावा लागे. स्टिका मात्र त्याच होत्या, चिकटपट्टी गुंडाळलेल्या. सरांनी गोलकीपरच्या किटची गोष्ट काढली, तेव्हा मी तिथेच होतो.

"थे घातल्यावर तोंड दिसते का?" भाऊंनी विचारलं.

"नाई, हेल्मेटला जाळी असते ना भाऊ."

"मंग कायले पाह्यजे?"

सरांनी किटची यादी घडी करून खिशात ठेवली. मालक खर्च करतो तो दिसण्यासाठी, आणि जे दिसत नाही त्यावर खर्च करायचा तर त्याला संत व्हावं लागेल. भाऊंनी तसा दावा कधीच केला नाही.

पण सरांना लागलं ते दुसरंच. सामन्याच्या सकाळी भाऊंचा फोन आला. एका नगरसेवकाचा साळा खेळेल. मग आणखी एक. शेवटी चार नावं झाली. सरांनी आपल्या चार माणसांना बसवलं. त्यांत वलगावचे दोघे भाऊ होते. पहाटेची वांगी आणि मेथी उतरवून ते बसनं अकोल्याला पोचले होते. दोघे दिवसभर फेटे बांधून सीमारेषेबाहेर बसले, कारण फेटे सोडायला कुणी सांगितलं नाही. संघ दोन्ही सामने हरला. दुसऱ्या दिवशी सर मैदानावर गेले नाहीत. त्यांना शेजारी म्हणून मी वीस वर्षं ओळखतो. असं पूर्वी झालं नव्हतं.

पुढच्या हंगामाआधी भाऊंचा निरोप आला, तेव्हा सर माझ्याकडे आले.

"या वर्षी लेखी पाह्यजे," ते म्हणाले. "पैसा नको मले. माहे अकरा मी निवडीन, एवढंच लिहा. नाई तर मी जात नाई."

"आणि नाही गेलात तर?"

उत्तर त्यांच्या सौभाग्यवतींनी कुंपणापलीकडून दिलं. "जाऊ द्या हो त्यायले. घरी बसले तं माहीच पी.टी. घेतीन."

मी अकरा पानं लिहिली. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळलेल्या माणसाला एकदा लिहायला मिळालं की तो थांबत नाही. प्रस्तावना, व्याख्या, उभय पक्षांची कर्तव्यं. कलम सात हे त्याचं हृदय होतं: संघनिवडीचे संपूर्ण अधिकार जनरल मॅनेजरकडे राहतील. ते मी तीनदा लिहून काढलं.

तुरीचा हंगाम होता. अकोल्याला मिलच्या आवारात ट्रक लागलेले, हवेत डाळीचं पीठ. भाऊ गादीवर बसले होते, भोवती नमुन्यांच्या कागदी पुड्या. येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्यापुढे एक पुडी उलगडली जायची आणि चिमूटभर डाळ तळहातावर घेऊन तो ती दाताखाली धरायचा. भाऊंच्या शेजारी त्यांचे जावई बसले होते. ते परतवाड्याचे, ट्रॅक्टर विकतात. कॉलेजात ते सेंटर फॉरवर्ड खेळायचे असं भाऊंनी सांगितलं. जावयांनी ते खोडून काढलं नाही, आणि आता त्यांच्याकडे पाहून ते पडताळून घेण्याचा मार्ग उरला नव्हता.

"वाचा वकीलसाहेब," भाऊ मला म्हणाले. मी वकील नाही हे त्यांना दोनदा सांगून झालं होतं.

मी प्रस्तावना सुरू केली. 'कागद राहतो' पर्यंत आलो, तेवढ्यात वजनकाट्यावर कुणाचा तरी आवाज चढला. भाऊ उठून गेले आणि निवांत परत आले.

"बम भारी लिवलं," ते म्हणाले. "ठेवा थे तिकडे." मग सरांकडे वळले. "मास्तर, तुमी वलगावचे ना? बैलबाजारात गेले असान."

"वडिलांसंगं जात होतो."

"मंग झालं तं." भाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढून आपल्या उजव्या हातावर पसरला. "पैशाचं तुमी म्हणसान थे. मले एकच सांगा, अकरातले माहे किती?"

वऱ्हाडातल्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा कापडाखाली एकमेकांची बोटं धरतात; जितकी बोटं तितका आकडा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला कळत नाही. सौदा झाल्यावर आकडा विचारायचा नाही आणि सांगायचाही नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं. समोर पाहत होतो पहिल्यांदा, आणि तेही एका हॉकी संघाच्या बाबतीत.

सर गादीच्या कडेला टेकले आणि त्यांनी हात दुपट्ट्याखाली घातला. खाली काहीतरी हललं.

"येवढे?" सर ओरडलेच. "बाप्पा! मंग मी काय फक्त शिट्टी वाजवू?"

"हात नका आखडू मास्तर. बोला."

"बोलूनच राहिलो."

"हे काय बोलनं झालं? मूठ आवळून बसले तुमी."

"मूठच माहा आकडा हाये."

जावई मोबाइलमध्ये पाहत होते, पण बराच वेळ त्यांचा अंगठा हलला नव्हता. दुपट्टा उचलला जायचा, बसायचा, पुन्हा उचलला जायचा. सरांच्या कपाळावर घाम आला. एका क्षणी ते हात काढून घेणार असं मला वाटलं. त्या दिवसाचं त्यांचं रिकामं मैदान मला पुन्हा दिसलं.

"घरच्या मानसाचं तं पाहा मास्तर," भाऊ आवाज उतरवून म्हणाले. "पोरगी मले इचारते. काय सांगू तिले?"

सरांनी डोळे मिटले. खाली काहीतरी घट्ट धरलं गेलं.

"जमलं," भाऊ म्हणाले आणि त्याच दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

मी पेन काढलं. "किती ठरले? कलम सातमध्ये घालावं लागेल."

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर बैठकीत कुणाच्या तरी बायकोचं वय विचारलं होतं.

"वकीलसाहेब, हे सांगत नसतात," भाऊ म्हणाले.

"सर?"

"नाई सांगता येत," माझा शेजारी मला म्हणाला.

शेवटी मुद्रांकाच्या एका कागदावर मी लिहिलं: 'संघनिवडीबाबत उभय पक्षांत जे ठरले ते ठरले आहे.' दोघांनी आनंदानं सह्या केल्या. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. कशाचा साक्षीदार, ते मला माहीत नव्हतं. माझी अकरा पानं गादीवरच राहिली.

परतीच्या एस.टी.त मूर्तिजापूर ओलांडल्यावर मी पुन्हा विचारून पाहिलं. सरांनी मला फुटाण्यांचा कागद पुढे केला. ते मजेत होते. काहीतरी गुणगुणतही होते.

आकडा मला सामन्याच्या दिवशी कळला, तोही मोजून. फेटे बांधून संघ बाहेर आला, मग फेटे उतरले. ऑटोवाले दोघे, वायरमन, वलगावचे भाऊ, दोघेही, सरळ डाव्या बगलेला. पोस्टमन या वेळी बचावात. एकूण दहा आमचे. अकरावा गोलात उभा होता, आणि त्याच्या अंगावर असं किट होतं जे त्या मैदानानं कधी पाहिलं नसेल. पायांना जाड फोमचे गार्ड, छातीला गार्ड, हातांत पाट्यांएवढे मोजे, डोक्यावर जाळीचं हेल्मेट. आत जावई होते.

मी सरांजवळ गेलो. "एक?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "एक," ते म्हणाले. "पन कापडाखाली फक्त किती थे ठरते. कुठं उभा राहीन, याचं बोट नसते."

"भाऊ काही बोलले नाहीत?"

"बोलले ना. पन सौदा झाला होता. मंग म्हणे, जवायाले क्रिकेटचे प्याड कसे द्याचे? जालंधरहून मागवलं."

जावई पूर्वार्धभर उभे राहिले. सरांनी त्यांना हलू नका एवढंच सांगितलं होतं, आणि ते त्यांनी निष्ठेनं पाळलं. गोल तसा लहानच असतो. त्यांनी तो बराच भरून काढला. चार चेंडू त्यांच्यावर येऊन आदळले आणि परत गेले. मध्यंतरात त्यांना इतका घाम आला होता की तेच आपण होऊन म्हणाले, आता दुसऱ्याला द्या. पोस्टमननं किट चढवलं, कमरेला सुतळी बांधून मापात आणलं, आणि पुढे स्पर्धा संपेपर्यंत ते त्याच्याच अंगावर राहिलं. सहा संघांत आम्ही तिसरे आलो. वलगावच्या धाकट्यानं दोन गोल केले. परतताना सगळी बस गात होती, आणि दर थांब्याला सर खिडकीतून डोकं काढून उगाचच शिट्टी वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: चेंडू छातीवर झेलणारा आमचा गोलकीपर. ते जावईच होते, पण जाळीमुळे कळायला मार्ग नव्हता. खाली पोस्टमनचं नाव छापलं होतं. परतवाड्याला त्यावरून काय झालं ते मला माहीत नाही. भाऊंना माहीत असावं.

या वर्षी हंगाम जवळ आला, तसे सर अस्वस्थ झाले. एक बोट गेलं की पुढच्या वेळी दोन मागतात, असा बैलबाजाराचा अनुभव त्यांनी मला दोनदा सांगितला. पण बोलावणं आलंच नाही. भाऊंचा ड्रायव्हरच अमरावतीला आला. निरोप असा होता की यंदा कापड नको, अकराच्या अकरा मास्तरांचे. जावई मंचावर बसतील, प्रमुख पाहुण्यांच्या उजवीकडे, आणि त्यांना हार घालताना फोटोवाला समोर असावा.

सर घरात गेले, शिट्टी गळ्यात अडकवून बाहेर आले आणि मैदानाकडे निघाले. दुपारचे अडीच वाजले होते.

ड्रायव्हरनं माझ्या हातात नव्या तुरीच्या डाळीची एक मोठी पुडी दिली. "वकीलसाहेबाची फी," तो म्हणाला. कागद ओळखीचा वाटला. मी घाईनं ती ताटात उलगडली; कलम सात असेल अशी एक आशा होती. नव्हतं. प्रस्तावनेचं पान होतं. 'कागद राहतो' हे शब्द घडीवर आल्यामुळे थोडे चुरगळले होते.

डाळ तीन शिट्ट्यांत शिजली.